विहिरीवरची मोटर चालूच राहते पण पाणी मधेच बंद होतं, काही समजेना

अर्धी_बादली:
नमस्कार मंडळी. घरामागे विहीर आहे, पाच फूट व्यासाची, बांधीव. कठड्याशेजारी ओट्यावर १ एचपीची सेल्फ प्रायमिंग मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र, पाणी स्वतःच ओढून घेणारी) बसवलेली आहे आणि त्यातून पाणी गच्चीवरच्या टाकीत जातं. दोन महिन्यांपासून त्रास असा की सकाळी मोटर लावली की तीन-चार मिनिटं नुसती गुरगुरते, मग पाणी धरते, मग पाऊण-एक तास एकदम झकास चालते आणि अचानक पाणी बंद. मोटर चालूच असते बरं का, फक्त आवाज बदलतो, हलका होतो, आणि पाइपात पाणी नसतं. बंद करून दीड-दोन तासांनी लावली की परत दहा-पंधरा मिनिटं येतं आणि परत तेच. कधी कधी एका दिवसात तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही.

आतापर्यंत केलेलं: कपॅसिटर बदलला, फूटवॉल (पाइपाच्या खालच्या टोकाचा, पाणी परत उतरू न देणारा वॉल) नवीन टाकला, प्लंबरने पाइप बाहेर काढून अंगणात आडवा ठेवून पाणी भरून बघितला, एक थेंब गळला नाही. विहिरीत डोकावलं तर पाणी दिसतं. आता तो म्हणतो पंपच बदला. बदलू का? मला मनातून पटत नाहीये कारण चालते तेव्हा पाण्याचा जोर पहिल्यासारखाच आहे.

तारेवरची_कसरत:
थांबा थांबा, पंप बदलू नका एवढ्यात. मोटर चालू असताना पाणी जातं म्हणजे लाइट, स्टार्टर, कपॅसिटर, ओव्हरलोड हे सगळं बाजूला ठेवा. कपॅसिटर गेला असता तर मोटर सुरूच झाली नसती, नुसती हुं हुं करत बसली असती किंवा गरम होऊन बंद पडली असती. तो बदलला ते वाया गेलं असं समजा, स्पेअर म्हणून जुना ठेवा.

टोंग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचा मीटर) असेल कोणाकडे तर एका वायरला लावून दोन आकडे घ्या, पाणी येत असतानाचे अँपिअर आणि पाणी गेल्यानंतरचे. पाणी उचलत नसलेला पंप कमी करंट ओढतो. वाढला तर वेगळी भानगड, इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) अडकतोय किंवा व्होल्टेज पडतंय.

रात्रपाळी:
माझ्याकडेपण सेम टू सेम प्रॉब्लेम!! बोअरमधली सबमर्सिबल (पाण्यात बुडवायची मोटर), १ एचपी, वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि बंद. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होते. कोणीतरी सांगितलं बोअर आटलाय. खरंच का?

जुना_फिटर:
रात्रपाळी, तुमचं सेम नाही. त्यांची मोटर फिरतेय आणि पाणी नाही, तुमची मोटरच थांबतेय. दोघांनाही नळाशी कोरडंच दिसतं म्हणून लोक एकच औषध देतात आणि मग पंप बदलूनही रडगाणं तेच. तुमचं नंतर बघू, आधी धागेकर्त्यांचं.

अर्धी_बादली, फूटवॉलवर सगळ्यांचा राग असतो कारण सकाळी गुरगुर केली की पहिला संशय तिथेच जातो. रात्रभरात सक्शन पाइपातलं (विहिरीतून पंपापर्यंतच्या पाइपातलं) पाणी खाली उतरलं म्हणून सकाळी पंपाला ते परत ओढून घ्यावं लागतं, ते बरोबर. पण पाइपातलं पाणी फूटवॉलमधूनच उतरलं असं कशावरून? मधे कुठेही बारीक भोक असलं तरी ते उतरतंच. नवीन वॉल टाकल्यावर सकाळची गुरगुर गेली का? नाही ना?

अर्धी_बादली:
नाही गेली. अगदी तेवढीच तीन-चार मिनिटं. मी नवीन वॉललाच शिव्या घालत होतो.

अँपिअर घेतले, शेजाऱ्यांकडे टोंग टेस्टर होता. पाणी येत असताना ६.४, गेल्यावर ३.८.

तारेवरची_कसरत:
झालं, माझं काम संपलं. मोटर तंदुरुस्त आहे, तिला उचलायला पाणी मिळत नाहीये. पुढचं फिटरकाका बघतील. फक्त एक, पाणी गेल्यावर तशीच चालू ठेवू नका, त्या पाण्यानेच मेकॅनिकल सील (पंपाच्या शाफ्टवरची गळती अडवणारं) थंड राहतं, कोरडं फिरलं की सील जळतं आणि मग तिथूनही हवा घ्यायला लागेल आणि तुमच्या एका दुखण्याची दोन होतील.

शंकासूर:
साधी गोष्ट आहे हो, विहिरीत पाणीच कमी आहे. पाऊण तासात उपसून होतं, दीड तासात थोडं भरतं, परत तेवढंच येतं. याला काय धागा काढायचा.

अर्धी_बादली:
तेच तर, पाणी आहे! मी डोकावून बघितलंय, चांगलं पुरुषभर पाणी असतं.

जुना_फिटर:
डोकावून नाही चालणार. विहिरीत पाणी आहे हे खरं आणि पंपाला पाणी मिळत नाही हेही खरं. आता मोजा. एक दोर घ्या, टोकाला वजन बांधा (जुना नट चालेल), प्रत्येक फुटाला गाठ. कठड्याच्या एकाच जागेवरून सोडायचा, तिथे खडूने खूण करा. चार मापं हवीत, सकाळी मोटर लावायच्या आधीची पातळी, पाणी बंद पडलं त्या क्षणीची पातळी, त्यानंतर तासाने किती वाढली, आणि तळ. त्या क्षणीची म्हणजे त्या क्षणीची, चहा पिऊन आल्यावरची नाही. आणि टाकीत पाणी पडतं तिथे बादली लावून किती सेकंदात भरते तेही बघा. असं तीन दिवस करा.

अर्धी_बादली:
ओके. तीन दिवसांनी येतो.

रात्रपाळी:
तोपर्यंत माझं घ्या की 🙏

तारेवरची_कसरत:
घेतो. सबमर्सिबल स्वतःहून बंद होऊन स्वतःहून चालू होते म्हणजे बहुतेक थर्मल ओव्हरलोड (मोटर फार तापली की लाइट तोडणारा स्विच) उडतोय. मोटर तापली की तो तोडतो, गार झाली की जोडतो, म्हणून तुम्हाला वाटतं बोअर भरला आणि पंप चालू झाला. बोअर आटला असता तर (तुमच्याकडे ड्राय रनची, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करणारी, रिले नसेल तर) मोटर बहुतेक लगेच बंद नसती पडली, कोरडी फिरत राहिली असती. रिले आहे का?

आता का तापते, तर कारणं नेहमीची. व्होल्टेज कमी, रन कपॅसिटर कमजोर, पंपात वाळू किंवा केबलचा पाण्यातला जॉइंट भिजलेला. मोटर चालू असताना पॅनेलवर व्होल्ट बघा, अँपिअर बघा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. मग मेन बंद करून कपॅसिटर काढून मोजा. काढायच्या आधी तो डिस्चार्ज करा, बंद पॅनेलमधला कपॅसिटरसुद्धा झटका देतो, मी खाल्लाय, टेबलावरून पडलो होतो.

रात्रपाळी:
रिले नाही. अँपिअर सुरुवातीला ८, हळूहळू ९.५ होतात आणि मग बंद. पॅनेलच्या स्टिकरवर ७ लिहिलंय.

तारेवरची_कसरत:
मग बोअर आटल्याची गोष्टच सोडा, आटल्यावर करंट उतरतो, तुमचा चढतोय. कपॅसिटर मोजा.

गाळगप्पा:
मधेच घुसतो. बोअर आणि विहीर यातला फरक लोकांना आकड्यात कळत नाही म्हणून सांगतो. ६ इंची बोअरमध्ये एका फुटाला साडेपाच लिटर पाणी मावतं. पाच फुटी विहिरीत एका फुटाला साधारण ५५५ लिटर. व्यास दहापट, पाणी शंभरपट. म्हणून बोअरमध्ये झरा कमी असला की पातळी डोळ्यादेखत पडते, मिनिटाला ६० लिटर उपसा आणि झरा १५ चा असेल तर मिनिटाला आठ फूट. विहिरीत तोच हिशोब मिनिटाला इंचभर. तर अर्धी_बादलींची विहीर पाऊण तासात कोरडी पडणं जरा जड आहे, चार-पाच फूट उतरेल फार तर.

शंकासूर:
आकडेमोड भारी आहे पण मी माझ्या मतावर ठाम. गाळ साचलाय, फूटवॉलची जाळी गाळात बसलीय.

गाळगप्पा:
जाळी गाळात असती तर पहिल्या मिनिटापासून कमी आलं असतं. पाऊण तास फुल जोर आणि मग एकदम शून्य हे गाळाचं लक्षण नाही. (आयडी गाळगप्पा आहे म्हणजे गाळाची बाजू घेईन असं नाही 😄)

अर्धी_बादली:
आलो. तीन दिवसांची मापं, सगळी कठड्यावरच्या खुणेपासून.

सकाळची पातळी पहिल्या दिवशी १२ फूट, दुसऱ्या दिवशी १२ फूट २ इंच, तिसऱ्या दिवशी ११ फूट १० इंच. म्हणजे तेवढ्या खोलीवर पाणी. बंद पडताना तिन्ही दिवस १७ फूट. एकदा १७ वर एखादा इंच. तळ २५ फुटांवर आहे. फूटवॉल सुमारे २३ वर. तासाभरात पातळी १० इंच चढते. वीस लिटरची बादली बरोबर वीस सेकंदात भरते, अगदी पाणी बंद पडायच्या मिनिटभर आधीपर्यंत, मग पाण्यात पांढरे बुडबुडे यायला लागतात, पाणी दुधासारखं दिसतं, पाइप खोकल्यासारखा करतो आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत लावली होती, तेव्हा तेरा मिनिटंच चालली पण बंद पडली ती १७ वरच.

जुना_फिटर:
शाब्बास. हे असं मोजून आणणारा माणूस शंभरात एक भेटतो.

तीन दिवस, चार वेळा, वेगवेगळा वेळ चालून सुद्धा १७ फुटांवरच बंद. मग हे अधूनमधून होणारं दुखणं नाहीच, तुम्हाला तसं दिसत होतं एवढंच. ज्या दिवशी पातळी १७ वर जायच्या आत टाकी भरली त्या दिवशी त्रास नाही, नाही भरली त्या दिवशी त्रास. आणि बंद पडताना फूटवॉलवर अजून सहा फूट पाणी आहे, म्हणजे शंकासूरांचं पाणी संपल्याचं म्हणणं बाद.

दुधासारखं पाणी म्हणजे हवा. हवा कुठूनतरी आत येतेय आणि ती पाणी १७ खाली गेल्यावरच येतेय.

शंकासूर:
बाद बाद काय. मग सक्शनची मर्यादा असेल. पंप एका ठरावीक खोलीपर्यंतच ओढतो, त्याच्या खाली पाणी गेलं की सोडतो. तेही दरवेळी एकाच पातळीवर होईल की नाही?

गाळगप्पा:
हा मुद्दा मात्र खरा आहे. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो समुद्रसपाटीला १०.३ मीटरपेक्षा जास्त ढकलू शकतच नाही, पंप कितीही भारी घ्या. प्रत्यक्षात ६-७ मीटर मिळाले तरी बास, आणि उंचावरच्या जागी आणखी कमी, दर हजार मीटर उंचीला साधारण मीटरभर कमी. १७ फूट म्हणजे ५.२ मीटर, तसं आतच आहे पण पाइप बारीक असेल, बेंड जास्त असतील, जाळी चोंदली असेल तर घर्षणात जातं. सक्शन पाइप किती इंची?

अर्धी_बादली:
सव्वा इंची पीव्हीसी. बेंड एकच, पंपाजवळ. आणि १७ फूट कठड्यापासून आहे, पंप ओट्यावर आहे, कठडा पंपापेक्षा दीड फूट उंच. आत्ता लक्षात आलं, सॉरी.

गाळगप्पा:
मग पंपापासून १५.५ फूटच झाले, ४.७ मीटर. एवढ्यावर सुटायला नको. पण वाद घालण्यापेक्षा व्हॅक्यूम गेज (ओढ किती ते पाऱ्याच्या इंचात दाखवणारा काटा) लावा, सक्शनच्या बाजूला पंपाजवळ एक टी टाकून. १५.५ फुटांचं पाणी म्हणजे पारा साधारण १३.७ इंच, त्यात घर्षणाचे दोन-तीन मिळवा. मर्यादा हेच कारण असेल किंवा जाळी चोंदली असेल तर काटा चढत चढत खूप वर जाईल, वीस-बावीस, आणि तिथे पाणी सुटेल. हवा आत येत असेल तर काटा आधी खाली पडेल. दोन्हीत नळ कोरडाच, पण काटा उलट दिशेला.

रात्रपाळी:
कपॅसिटर मोजला. वर ३६ मायक्रोफॅरड लिहिलंय, मीटर २४ दाखवतो!

तारेवरची_कसरत:
मग सापडला चोर. ३६ चाच घ्या, घरात पडलेला ५० चा लावू नका, जास्त म्हणजे चांगलं असं यात नसतं. व्होल्टेजही बघा हं, ते विसरलात.

अर्धी_बादली:
गेज बसवला. आज स्टूल घेऊन मोटरशेजारी बसलो होतो, बायको म्हणाली आता हिलाच जेवायला वाढते. सुरुवातीला काटा १२ वर, तासाभरात सरकत सरकत १६ वर आला आणि दोरावर १७ फूट झाल्याबरोबर काटा थरथरायला लागला, १४, १६, ११, आणि धाडकन ४. चढला अजिबात नाही.

सगळ्या वरच्या जोडांना साबणाचा फेस लावला होता, बेंड, युनियन, टी, प्रायमिंगचा प्लग, सगळीकडे. कुठेच फेस आत ओढला गेला नाही. पंपाच्या सीललाही नाही.

जुना_फिटर:
वरचे जोड दोषी असते तर पातळी १२ असो की १७, हवा आलीच असती. सांगू का, तुमच्या पाइपाला पंपापासून साडेपंधरा फुटांवर काहीतरी झालंय. पाणी त्याच्या वर असलं की ते भोक पाण्यात बुडालेलं, त्यातून आत पाणीच शिरतं, पंपाला काय, इथून काय नि तिथून काय. पाणी खाली उतरून भोक उघडं पडलं की त्यातून हवा. पंपाला हवा फार सोपी, पाणी सोडून तीच घेणार. पाइपात तिथे जोड आहे का?

अर्धी_बादली:
बापरे. आहे!! मी सांगायलाच विसरलो. विहीर खोल करून घेतली होती तेव्हा जुना पाइप कमी पडला म्हणून खाली सहा फुटांचा तुकडा सॉकेट लावून जोडला होता. पण प्लंबरने पाइप बाहेर काढून पाणी भरून तपासला तेव्हा तो जोडही बघितला होता, कोरडा ठणठणीत.

जुना_फिटर:
आडवा ठेवून तपासला ना? जमिनीवर पाइपाला काही ताण नसतो, चीर मिटलेली राहते. विहिरीत तोच पाइप टांगलेला, खालच्या तुकड्याचं आणि फूटवॉलचं वजन त्या सॉकेटला ओढतंय आणि पंप चालू झाला की थरथर वेगळी. मोठमोठे लोक यात फसलेत, मी फसलोय, पूर्ण नवीन पंप बसवून दिला होता एकाला आणि दुसऱ्या दिवशी परत फोन.

आणि हे कुणाला दिसत का नाही तेही बघा. पाणी बंद पडतं तेव्हा पातळी बरोबर त्या जोडाशीच असते. तुम्ही मोटर बंद करून येऊन डोकावेपर्यंत तासात दहा इंच पाणी चढलं, जोड पाण्याखाली. गळणारं पाणी पाण्यातच पडतंय.

खात्री करायची असेल तर पाणी अजून दोन फूट खाली न्या, तुमच्या पंपाने नाही, तो तर तिथेच सोडणार, कुणाची तरी गाळ काढायची छोटी सबमर्सिबल मागून आणा आणि ती दोराने सोडा. पाणी १९ वर गेलं की पंपाकडचं युनियन (पाइप सोडवता येणारा जोड) उघडून सक्शन पाइप काठोकाठ पाण्याने भरा आणि टॉर्च मारा. फूटवॉल गळत असेल तर पाइपातलं पाणी पार बाहेरच्या पातळीपर्यंत उतरेल. जोड गळत असेल तर जोडापर्यंत उतरून थांबेल.

तारेवरची_कसरत:
आणि विहिरीत कोणी उतरायचं नाही!! कठड्यावरूनच. जुन्या बंद विहिरीत खाली ऑक्सिजन कमी असू शकतो, मेणबत्ती पेटत राहिली म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कार्बन मोनॉक्साइड मेणबत्तीला कळत नाही. पेट्रोलवरचं इंजिन तर विहिरीत कधीच सोडू नका. आणि ती मागून आणलेली सबमर्सिबल लावाल तेव्हा ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइट तोडणारा स्विच) मधे असू द्या, उसन्या पंपाच्या केबलचा भरवसा नसतो.

शंकासूर:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पाइप बदला की.

जुना_फिटर:
बदला, त्यातही चूक नाही. पण शंभर टक्के कळल्याशिवाय बदलला आणि तरी नाही थांबलं तर परत पहिल्यापासून. यांनी आधीच कपॅसिटर आणि फूटवॉल असंच बदललंय.

अर्धी_बादली:
मंडळी!!! सापडलं.

आज दुपारी छोटा पंप लावून पाणी १९ पर्यंत उतरवलं. मुलगा टॉर्च धरून कठड्यावर, मी पाइपात तांब्याने पाणी ओततोय. पाइप तोंडाशी भरला आणि पोरगा ओरडला, बाबा रेघ दिसतेय. मी वाकून बघितलं तर सॉकेटच्या खालच्या कडेला, जिथे खालचा तुकडा आत जातो तिथून, दोऱ्याएवढी पाण्याची रेघ पाइपावरून खाली चाललेली, टॉर्चच्या उजेडात चमकत होती. नीट बघितलं नसतं तर पाइपावरचा ओघळ वाटला असता. हळूहळू ती बारीक झाली, मग थेंब, मग बंद.

मग दोऱ्याला थर्माकोलचा तुकडा बांधून पाइपात सोडला, पाणी लागलं साडेपंधरा फुटांवर. आणि बाहेरची पातळी पाइपाच्या तोंडापासून साडेसतरा. म्हणजे फूटवॉल चांगला आहे, बिचारा नवा वॉल, उगाच बोलत होतो. अर्धा तास थांबलो, पाणी तिथेच.

गाळगप्पा:
दोऱ्याएवढी चीर आणि दोन महिने माणूस हैराण. हीच चीर डिलिव्हरीच्या बाजूला, म्हणजे पंपापासून टाकीकडच्या पाइपात असती तर थोडं पाणी गळलं असतं आणि कोणी लक्षही दिलं नसतं. सक्शनच्या बाजूला तीच चीर पंप बंद पाडते.

आणखी एक, आता तुमचे आकडे जुळतात. १२ ते १७ पाच फूट, ५५५ ने गुणले की पावणेतीन हजार लिटर. उपसा मिनिटाला ६०, झरा तासाला दहा इंच म्हणजे मिनिटाला पावणेआठ. पावणेतीन हजारला ५२ ने भागा, ५३ मिनिटं. तुम्ही पाऊण-एक तास म्हणाला होतात.

रात्रपाळी:
माझापण निकाल सांगतो. ३६ चा नवीन बसवला, अँपिअर ६.८, कालपासून दोनदा दीड-दीड तास चालली, बंद नाही पडली. व्होल्टेज चालू असताना २२१. बोअर आटलाय म्हणून नवीन बोअर मारायच्या तयारीत होतो मी 😅

तारेवरची_कसरत:
मस्त. जमलं तर पाण्यातली केबल मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासून घ्या एकदा, ५०० व्होल्टवर. १ मेगओमच्या खाली आलं तर काढून जॉइंट परत करा.

अर्धी_बादली:
फिटरकाका, आता काय करू? सॉकेट कापून नवीन सॉकेट सोल्युशन लावून बसवू की वरून काहीतरी गुंडाळू?

जुना_फिटर:
गुंडाळायचं नाव काढू नका. एमसील, रबर, टेप, सगळं चार महिने टिकतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला परत दोर घेऊन बसवतं. जोडच नको. सव्वा इंची काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप गुंडाळीत मिळतो, एकसंध साडेएकवीस फूट घ्या, जरा जाड भिंतीचा, पातळ असला तर सक्शनने चपटा होतो. फूटवॉल आहे तोच लावा.

अर्धी_बादली:
झालं काम. मुलगा आणि मी दोघांनीच केलं, प्लंबरला बोलावलं नाही. जुना पाइप बाहेर काढताना सॉकेटला हातात धरून जरा वाकवलं तर चीर एवढी उघडली की नख जाईल, सोडलं की मिटली, दिसतसुद्धा नव्हती. आत सोल्युशन अर्ध्याच भागाला लागलेलं होतं, बाकीचा भाग गुळगुळीत कोरडा, जोडताना ओलाच असावा.

सकाळी मोटर लावल्याबरोबर दहा सेकंदात पाणी. गुरगुर नाही. १७ ओलांडून गेली, मी १९ पर्यंत श्वास धरून बसलो होतो, १९ पण गेले, २० फुटांवर मीच बंद केली. काटा तेव्हा साडेअठरावर होता. आधीपेक्षा अर्धा तास जास्त चालली आणि टाकी भरून वाहिली.

गाळगप्पा:
२० वर थांबवलंत ते बरं केलंत. तिथून पुढे काटा चढत जाईल, तेव्हा शंकासूरांची मर्यादा खरी ठरेल.

शंकासूर:
बघा, मी म्हटलंच होतं.

जुना_फिटर:
😄 असो. डिलिव्हरीचा वॉल थोडा दाबून ठेवलात तर उपसा कमी होईल आणि झऱ्याला वेळ मिळेल. डिलिव्हरीचा, सक्शनचा कधीच दाबायचा नाही. आणि नवीन पाइपाला कठड्याजवळ क्लॅम्प दिला का? पाण्याने भरलेल्या पाइपाचं सगळं वजन पंपाच्या तोंडावर यायला नको.

अर्धी_बादली:
नाही दिला. उद्या देतो.